नासायला नको

“उजाडलं, का आज बी उप्पीट?”

मी दारात चपला काढत होते तेवढ्यात आतून प्रश्न आला. तो रोजच यायचा. मामा ओट्याशी पाठमोरे उभे राहून चहा गाळत आणि माझ्याकडे न बघताच विचारत. उत्तर वाईट असलं तर माझा चेहरा बघावा लागू नये, एवढ्यासाठी.

“उप्पीट,” मी म्हटलं.

“असू दे. चा घे.”

मामा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात, हे मला नाशिकहून लग्न करून आल्यावर शिकावं लागलं. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. रणजितला, माझ्या नवऱ्याला, लग्नानंतर वर्षभरात बडोद्याच्या एका कारखान्यात चांगली नोकरी लागली आणि तो तिकडे गेला. माझी पीएच.डी. अर्धवट होती म्हणून मी मागे राहिले. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो, नाशिकची तोंडाळ सून आणि एस.टी.तून रिटायर झालेले अबोल चौगुले ड्रायव्हर. आमचं कसं जमतं याचं शेजारणींना फार कुतूहल होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

माझा विषय मामांना पहिल्यांदा सांगितला तेव्हा त्यांनी फक्त एक शब्द उचलला.

“जेल? म्हंजे कैद्यांचं, कळंब्याचं?”

“ते नाही हो मामा. जेल म्हणजे असं थुलथुलीत, जेलीसारखं. जवळजवळ सगळं पाणीच, पण वाहत नाही.”

“मग त्यात काय मोठं? पाण्यात कायतरी घट्ट घातलं की झालं.”

इथे मला जोर चढला. मी त्यांना वाळवणातल्या शेवयांचं उदाहरण दिलं. म्हशीच्या दुधाच्या पाण्यात एक प्रथिन असतं. ते वेगळं काढायचं, आंबट पाण्यात मंद आचेवर दिवसभर ठेवायचं, की त्याचे केसाहून कितीतरी बारीक, लांबच लांब तंतू होतात. असे तंतू पाण्यात अगदी चिमूटभर असले तरी ते आपणहून एका दिशेला लागतात, काठीवर वाळत घातलेल्या शेवयांसारखे. मग हळूहळू मीठ मुरवलं की पाणी तसंच्या तसं धरून बसतं आणि आतली ओळ मोडत नाही. अशा जेलमध्ये तुटलेल्या नसेचं टोक ठेवलं तर त्या ओळीच्या आधाराने नस पुढे वाढेल, अशी माझ्या गाइड शिराळकर मॅडमना आशा होती.

मामांनी डाव्या हाताची करंगळी वर करून पाहिली. एकदा गाडीचं बॉनेट पडून ती बधिर झाली होती.

“हिला लावशील काय?”

“इतक्यात नाही जमणार मामा. खूप वर्षं लागतील.”

“मला कुठं घाई हाय,” ते म्हणाले. “आणि त्या शेवया न्हाई लागल्या ओळीत तर?”

“मग उप्पीट.”

तेव्हापासून तो शब्द घरात रुळला. उजाडण्याचंही तसंच झालं. मामांचा ड्रायव्हरकीतला एक पोलराइड गॉगल होता आणि तसाच एक रणजितचा. एक काच दुसऱ्या काचेवर आडवी धरली की पलीकडचं काही दिसत नाही, मिट्ट काळोख. मी त्यांना ते खिडकीशी उभं राहून दाखवलं आणि सांगितलं, की या दोन काचांच्या मध्ये आमचं जेल धरायचं. आत तंतू ओळीत असतील, तर काळोखातून उजेड येतो. नसतील, तर काळोख तो काळोखच.

“म्हंजे उजाडतं,” मामा म्हणाले.

पण सहा-सात महिने झाले तरी उजाडत नव्हतं. माझ्या नळ्यांमध्ये पांढुरक्या गुठळ्या तरंगायच्या. मॅडम दोन काळ्या काचा धरून बघायच्या, चष्मा वर करायच्या, पुन्हा बघायच्या आणि म्हणायच्या, “उद्या परत करू या.” मॅडम मे महिन्यात रिटायर होणार होत्या. तोवर जमलं, तर पुढचं लिखाण मी बडोद्याला जाऊन करणार होते, तसं रणजितशी ठरलं होतं. नाही जमलं, तर नवे गाइड, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून सगळं. म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं मी इथे आणि नवरा तिथे. दर रविवारी त्याचा फोन यायचा. “कधी येतेस?” तो विचारायचा. मी म्हणायचे, “उजाडलं की.” सुरुवातीला तो हसायचा. नंतर हसेनासा झाला.

प्रयोगाचं दूध मामा आणायचे. हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. पहाटे कॅन घेऊन ते कट्ट्यावर जायचे. कोल्हापुरात म्हशी गावातच कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि ते फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध लोक तिथेच उभ्याने पितात. मला दुधाचा वासच सहन होत नाही, लहानपणापासून. दुधावर पीएच.डी. करणारी आणि श्वास रोखून कॅन उघडणारी मी एकटीच असेन. मी उठून आंघोळ करून येईपर्यंत कॅन ओट्यावर तयार असे, गार पाण्याच्या बादलीतून काढलेला, ओल्या फडक्यात बाळंतिणीच्या पोरासारखा गुंडाळलेला. पहिल्या दिवशी मी त्यांना बजावलं होतं, “मामा, दूध अगदी चांगलं हवं हं. नासायला नको. दूध नासलं तर माझं सगळं कामच नासेल.”

“काळजी करू नगंस,” ते म्हणाले होते.

यातली गंमत अशी, की प्रयोगशाळेत गेल्यावर आमचं पहिलं काम ते दूध नासवण्याचं असे. आम्ल घालायचं, दूध फाटलं की चोथा फेकून द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं घ्यायचं. हे मी मामांना कधी सांगितलं नाही. पहाटे उठून, धार पिळताना समोर उभं राहून, पाणी न घालता आणलेलं दूध मी कॉलेजात जाऊन पहिल्या झटक्याला नासवते, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? ते कट्ट्यावर सगळ्यांना अभिमानाने सांगत, “आमची सून जेल बनवती.” तेवढं पुरे होतं.

एप्रिलच्या एका रविवारी मामा म्हणाले, “तुझ्या मास्तरीणबाईंना जेवायला बोलव. निघाल्यात त्या आता.”

शिराळकर मॅडम एकट्याच राहायच्या. करड्या, तुटक बोलणाऱ्या बाई. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आल्या, इस्त्रीची सुती साडी नेसून आणि हापूसची पेटी घेऊन. मी वांग्याचं भरीत, आमटी, भात, पोळ्या केल्या होत्या. मामांनी पाटाला पाट लावून पानं मांडली आणि स्वतः वाढायला उभे राहिले. आम्ही दोघी बसलो.

भातावर आमटी घ्यायच्या आधी मामांनी तुपाचं भांडं आणलं. रवाळ, पिवळसर, ताजं तूप. मला दूध आवडत नसलं तरी तूप मी वाटीने खाते, आणि त्या घरात आल्यापासून ते मला कधी कमी पडलं नव्हतं. मॅडमनी पहिला घास खाल्ला आणि थांबल्या.

“घरचं तूप?”

“घरचंच,” मामा खुशीत म्हणाले. “पोरीच्या परयोगाचं.”

“प्रयोगाचं म्हणजे?”

“म्हंजे तिचं दूध आणतो न्हवं मी रोज? त्याची साय धरतो. म्हशीचं दूध, साय येती अशी भाकरीगत. वाया कशाला घालवायची? आठवड्याची साठली की विरजतो, लोणी काढतो, कढवतो. सगळं येतंय आता मला.”

मॅडमनी घास खाली ठेवला.

“साय कशी धरते, चौगुले?”

“तापवल्यावर धरतीच की.”

“तुम्ही दूध तापवता?”

“मग! कच्चंच देतोय व्हय? एवढ्या लांब जायाचं, उन्हाचं. नासलं तर पोरीचं काम नासंल. चांगलं दोन उकळ्या आणतो, गार करतो, साय काढतो आणि मगच कॅनात घालतो. आणि सांगतो तुम्हाला बाई, आजपातूर एकदा बी उतू गेलं न्हाई. हिच्या आत्याचं जायाचं. माझं न्हाई.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहत होते. आम्हाला हवं असलेलं प्रथिन कच्च्या दुधातच नीट असतं. दूध तापलं की ते आधीच वाकडंतिकडं वळतं, दुसऱ्यांना जाऊन चिकटतं, आणि दूध फाटताना चोथ्याबरोबर निघून जातं. उरलंसुरलं जे पाण्यात येतं, त्याच्या गुठळ्या होतात. इतके महिने मी जे शोधत होते ते रोज सकाळी माझ्याच हाताने केराच्या बादलीत टाकत होते. परदेशी लेखांमध्ये नुसतं ‘ताजं दूध’ असं लिहिलेलं असे. आम्ही ते वाचलं आणि ताजं दूध आणलं. आपल्या घरात आलेलं दूध कुणी तापवल्याशिवाय ठेवत नाही, हे मॅडमच्याही ध्यानात आलं नाही, कारण त्याही रोज सकाळी उठून तेच करत होत्या.

आणि वर मी त्याचं तूप खात होते.

मामा भांडं हातात घेऊन उभे होते. दोघी गप्प का झालो हे त्यांना समजेना. त्यांचा चेहरा जरा उतरला. “काय झालं बाई? खवट लागलं काय?”

मला त्या क्षणी एकच कळत होतं, की या माणसाला हे कळता कामा नये. मी मांडी बदलल्यासारखं करून मॅडमच्या गुडघ्याला गुडघा लावला. गाइडच्या गुडघ्याला गुडघा लावणं, आजही आठवलं की कसंतरी होतं.

मॅडमनी पान पुढे सरकवलं. “खवट कसलं? इतकं छान तूप मी आई गेल्यानंतर खाल्लं नाही. वाढा अजून.”

मामांनी भाताच्या ढिगात खड्डा करून भांडं जवळजवळ पालथंच केलं.

जेवण झाल्यावर मोरीपाशी हात धुताना मॅडम हळूच म्हणाल्या, “तू सांगतेस की मी सांगू?”

“कुणीच नाही सांगायचं.”

“स्वरूपा, उद्या मला कच्चं दूध पाहिजे. दिवस किती राहिलेत ते तुला माहीत आहे.”

“आणते. पण त्यांना सांगायचं नाही.”

त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. “माझं लग्न झालं असतं तर मला असा सासरा मिळाला असता का, कुणास ठाऊक,” त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मामांबरोबर कट्ट्यावर गेले. त्यांना इतका आनंद झाला, की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, “सून आलीया बघायला.” म्हशीच्या अंगाचा, शेणाचा, दुधाचा वास नाकात घेऊन मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. धारा कॅनात वाजत होत्या. मामांनी एक पेला तोंडाला लावला, मिशीला फेस लागला.

“चल, घरी जाऊन तापवतो.”

“आज तसंच नेऊ या मामा. मॅडमना धारोष्ण दूध बघायचंय.”

“खुळी काय तू? नासंल की वाटंत.”

“मग तुम्हीच सोडा मला लवकर. गाडीवरून.”

हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. मामांनी एम-एटी काढली. मागे मी, मांडीवर कॅन. सगळी हयात एस.टी. चालवलेला तो माणूस त्या दिवशी असा गाडी चालवत होता, की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. माझा कॅन हलता कामा नये म्हणून. कॉलेजच्या फाटकाशी मी म्हटलं, “जा मामा आता तुम्ही.” पण मॅडम पायऱ्यांवरच उभ्या होत्या.

“चौगुले, आलाच आहात तर वर या. चहा घेऊन जा.”

मॅडम तशा हुशार बाई, पण हे त्यांनी चुकून केलं की मुद्दाम, मला आजही सांगता येणार नाही.

मामा टोपी हातात घेऊन प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे भांडं दिसणार नाही. पण मॅडमनीच दूध मोठ्या काचेच्या भांड्यात ओतलं आणि त्यात थेंब थेंब आम्ल सोडायला सुरुवात केली. दूध क्षणभर दाट झालं आणि मग फाटलं. पांढऱ्या गोळ्याभोवती हिरवट, निवळ पाणी सुटलं.

“अहो, नासलं की!” मामा उभे राहिले.

“नासवलं,” मॅडम म्हणाल्या. “आम्हाला हे पाणी पाहिजे.”

“रोज असंच करताय?”

“रोज.”

मामा आधी हसले. म्हणाले, “घ्या! आणि मी इकडं नासू नये म्हणून…” आणि तिथेच थांबले. भांड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा भांड्याकडे.

“आणि तापवलेलं असलं तर?”

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आम्लाची बाटली नीट बंद केली.

“तापवलेलं असलं, तर तूप छान होतं,” त्या म्हणाल्या.

मामांनी टोपी घातली. चहा न घेताच गेले.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आतून प्रश्न आला नाही. चहा झाकून ठेवला होता, मामा देवळात गेले होते. मी ओट्याशी उभी राहून रडले. कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. मॅडमवर चिडून पाहिलं, जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन यायला उशीर झाला. मी दोनदा दारात जाऊन आले. शेवटी मामा घामाघूम होऊन आले, कॅन ओट्यावर ठेवला. हाताला कोमट लागत होता, झाकणाखाली फेस होता. “म्हस अडून बसली हुती,” ते म्हणाले. मी घाईत निघून गेले. संध्याकाळी घरात वेलदोड्याचा वास. मामांनी शेवयाची खीर केली होती. पातेलंभर. दूध घातलेली खीर मी खात नाही हे त्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांनी काही न बोलता वाटी माझ्यापुढे ठेवली आणि मीही काही न बोलता खाल्ली. इतकी गोड होती की मध्येच दोनदा पाणी प्यावं लागलं.

त्यानंतर रोज सकाळी कॅन ओट्यावर असे. दूध कोमट, फेसाळ, कच्चं. फडकं पूर्वीसारखंच ओलं करून गुंडाळलेलं. मामा ‘उजाडलं काय’ असं विचारत नव्हते. तुपाचं भांडं खाली खाली जात होतं, आणि माझ्या पानात मात्र वाढणं कमी होत नव्हतं. आपल्या भातावर ते तेल घेत होते, हे मी एकदा पाहिलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी मॅडमच्या टेबलावर नळी ठेवली. आत पाण्यासारखं स्वच्छ जेल होतं. नळी उलटी केली तरी हललं नाही. मॅडमनी काळ्या काचा उचलल्या, आडव्या धरल्या, मध्ये नळी धरली. पुन्हा एकदा पाहिलं. मग काचा माझ्या हातात दिल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी घरी फोन केला. “मामा, या. गॉगल घेऊन या. दोन्ही.”

ते आले. लग्नात घालतात तसा पांढरा शर्ट घालून आले. मी गॉगलच्या काचा एकमेकींवर आडव्या धरल्या. मामांनी त्या बधिर करंगळीचा आधार देऊन नळी मध्ये धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

काळोखात उजेड होता. वरपासून खालपर्यंत सरळ गेलेल्या निळसर-पिवळ्या रेघा, एकीला लागून दुसरी, कुठेही न मोडलेल्या. पाण्यात प्रथिन होतं चिमूटभर, बाकी सगळं पाणीच.

“लागल्या की ओळीत,” मामा म्हणाले. “उजाडलं पोरी.”

मॅडमनी पेढे मागवले. मामांनी एक खाल्ला, एक रुमालात बांधून घेतला. आम्ही खाली उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. गाडीपाशी येऊन ते थांबले, किल्ली लावली नाही.

“एक सांगू काय तुला?”

“सांगा की.”

“तापवण्याचं मला त्याच दिवशी कळलं. इथनं घरी जाताना. एवढा बी खुळा न्हाई मी.”

“मला माहीत होतं मामा. तुम्हाला कसं समजणार होतं आधी? मीच म्हटलं होतं नासायला नको म्हणून.”

“ते न्हवं.” त्यांनी सीटवरची धूळ हाताने पुसली. “दुसऱ्या दिवशी तू उठायच्या आत कॅन घिऊन आलो आणि पातेलं गॅसवर ठेवलं. जाणूनबुजून. मनात आलं, तापवत ऱ्हावं. कोण बघतंय? शेवया ओळीत लागल्या की ही जाणार. न्हाई लागल्या तर ऱ्हाईल अजून दोन वर्सं. चा करायला कोणतरी असंल. मी करतो चा, पण प्यायला कोणतरी पायजे.”

त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“दूध वर आलं. मी बघत उभा. आणि गेलं उतू. पहिल्यांदा. सगळ्या ओट्यावर. तवा मला तुझी आत्या दिसली, कमरेवर हात ठेवून. मग उरलेलं उतरवलं खाली, ओटा पुसला आणि परत कट्ट्यावर गेलो, दुसरं आणलं.”

“म्हैस अडून बसली होती ना?”

“कसली म्हस.”

“आणि ते तापवलेलं दूध?”

“खीर केली न्हवं. तुला खायाला घातली. पाप जरा वाटून घ्यावं म्हटलं.”

मी भर रस्त्यात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आमच्यात असं काही करायची पद्धत नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्या बधिर करंगळीसकट हात माझ्या डोक्यावर ठेवला. “चल,” म्हणाले, “रणजितला फोन लाव.”

जूनच्या सुरुवातीला मी बडोद्याला निघाले. मामा बरोबर येणार नव्हते. मी खूप आग्रह केला, भांडले, रुसले. “पावसाळा होऊ दे, मग बघू,” एवढंच त्यांनी कबूल केलं. स्टँडवर त्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरला गाठून मला पुढची सीट मिळवून दिली, बॅग वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले. पिशवीतून त्यांनी एक लहान कडीचा डबा काढला आणि माझ्याकडे दिला. भोवतीचं फडकं ओलं होतं. डबा गार होता.

“दूध हाय,” ते म्हणाले.

“मामा, मी दूध पीत नाही.”

“ठाऊक हाय की. तरी असू दे.” गाडी सुरू झाली तसे ते दोन पावलं बरोबर चालले. “तापवलंय बरं का. चांगल्या दोन उकळ्या आणल्यात. परवासाचं हाय, नासायला नको.”

कऱ्हाड गेल्यावर मी डबा उघडला. त्यांनी साय काढली नव्हती. ती तशीच वर होती, जाड, भाकरीसारखी. मी श्वास न रोखता ते दूध प्यायले, सगळं.